कमी ताणाचं डिपार्टमेंट शोधणाऱ्या सिस्टरला

पत्र असं आहे:

"ताई, मला मेडिसिन वॉर्डला दोन वर्षं होत आली. सुरुवातीला खूप हौस होती. आता ड्युटीला निघताना पोटात गोळा येतो, नाइट संपली तरी झोप लागत नाही. नातेवाईक ओरडले की मी आतून एकदम थंड पडते, वाईटसुद्धा वाटत नाही, आणि याचीच मला जास्त भीती वाटते. मध्यंतरी एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला देणारच होते, पेशंटच्या हातातला नावाचा बँड बघितला म्हणून वाचले. रात्री डॉक्टरांना फोन करायचा म्हटलं की हात थरथरतो. बरोबरच्या मुली आयसीयूला गेल्या, म्हणतात इकडे ये, दोनच पेशंट असतात. बहीण म्हणते ओपीडी घे, आरामात राहशील. मला खरं तर म्हाताऱ्या पेशंटांबरोबर काम करायला आवडतं पण हे सांगितलं की सगळ्या हसतात. कमी ताणाचं डिपार्टमेंट कुठलं ते सांगा, नाहीतर मी सरळ राजीनामा देते."

तुझा प्रश्न डिपार्टमेंटचा आहे हे कळलं, पण मला पत्रात सगळ्यात जास्त लागलं ते तुझं थंड पडणं, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

आपण दगड झालो, आपल्यातली माया संपली असं तुला वाटतंय ना, तसं काही झालेलं नाहीये. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन या दोघींनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली काढली, आणि ती खास माणसांबरोबर काम करणाऱ्यांसाठी होती, म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच. त्यात तीन गोष्टी बघतात, एक म्हणजे पूर्ण रिकामं झाल्यासारखा थकवा, दुसरं म्हणजे समोरच्या माणसापासून मनानं लांब जाणं, आणि तिसरं म्हणजे आपल्या हातून काही चांगलं होतंय असं वाटेनासं होणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, जी व्याख्या दिली तीही याच तीन गोष्टींची आहे, आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की हा आजार नाही, कामावरचा ताण दीर्घकाळ हाताबाहेर राहिला की होणारी अवस्था आहे. म्हणजे तू जे थंड पडणं म्हणतेस ते दुसऱ्या खान्यातलं आहे, रोज आठ-आठ बारा-बारा तास लोकांचं दुखणं आणि राग अंगावर घेतल्यावर मन स्वतःला वाचवायला दार लावून घेतं. तुला त्याची भीती वाटते याचाच अर्थ आत कुणीतरी जागं आहे.

एक गोष्ट मात्र नीट तपासून बघ. सलग दोन-तीन दिवस ऑफ मिळाला, झोप झाली, की तुला थोडं बरं वाटतं का? आवडत्या माणसांबरोबर हसू येतं का? येत असेल तर हे बरंचसं कामाचं आहे. पण सुट्टीच्या दिवशीसुद्धा सगळं तसंच काळं वाटत असेल, भूक गेली असेल, कशातच रस नसेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला डिपार्टमेंट बदलणं हे औषध नाही, डॉक्टरांना दाखवायचं. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल तर आजच, हे वाचून झाल्यावर, जवळच्या एका माणसाला सांग आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. आपण पेशंटला हे रोज सांगतो आणि स्वतःवर वेळ आली की गप्प बसतो, कारण वॉर्डात सगळ्यांना वाटतं सिस्टर म्हणजे घट्ट असणारच. कृपया गप्प बसू नकोस.

आता दोन वर्षांचं. तुला वाटतंय की दोन वर्षांत जमलं नाही म्हणजे हे क्षेत्रच आपलं नाही. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच नव्या नर्सेसच्या या धक्क्यावर लिहिलं, कॉलेजात शिकवलेली नर्सिंग आणि वॉर्डातली नर्सिंग यांच्यातली दरी दिसली की आधीचा आनंदाचा काळ संपतो आणि मग राग, थकवा, सोडून द्यावंसं वाटणं हे सगळं येतं. आणि पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवखीपासून तज्ज्ञ होईपर्यंत, त्यात मधली पायरी, म्हणजे आपलं काम आखून सांभाळता येणं, ही साधारण एकाच तऱ्हेच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यावर येते असं त्या म्हणतात. तू बरोबर त्या उंबऱ्यावर उभी आहेस. त्यांचं अजून एक म्हणणं आहे जे मला डिपार्टमेंट बदलणाऱ्या प्रत्येकीला सांगावंसं वाटतं, की कितीही अनुभवी नर्स नव्या प्रकारच्या पेशंटांकडे गेली की ती तिथे पुन्हा नवखी होते. म्हणजे तू उद्या आयसीयूला गेलीस तर पहिले काही महिने आजच्यापेक्षा जास्त घाबरलेली असशील, कमी नाही. हे माहीत असून गेलं तर चालतं. पळून जाण्यासाठी गेलं तर तिथे पोचल्यावर वाटतं की माझ्यातच खोट आहे, आणि ते फार वाईट.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की कमी ताणाचं डिपार्टमेंट शोधायचं सोड, कारण ते नाहीये. प्रत्येक डिपार्टमेंटचा ताण वेगळ्या जातीचा असतो आणि आपल्याला कुठल्या जातीचा ताण पेलतो ते शोधायचं असतं. पण हे शोधणं इतक्या थकलेल्या अवस्थेत होत नाही. आत्ता तुला जे काही वेगळं दिसेल ते चांगलंच वाटणार. तेव्हा आधी जरा श्वास घेण्याइतकी जागा करूया आणि मग डिपार्टमेंट.

झोपेपासून सुरुवात कर. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांचा १९९७ चा एक अभ्यास आहे, सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हाताचं आणि लक्षाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं घसरलं होतं. दिवसभर घरचं आवरून न झोपता नाइटला गेलीस की मध्यरात्रीनंतर तू नेमकी तिथे असतेस आणि त्याच वेळी पहाटेची औषधं भरायची असतात. त्यामुळे पहिल्या नाइटच्या आधी संध्याकाळी तास-दीड तास झोपायचंच, घरात कुणी काही म्हणो. चहा-कॉफी नाइटच्या पहिल्या अर्ध्या भागातच घ्यायची, कारण कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात आणि पहाटे चारला घेतलेला कप सकाळी नऊला तुला जागं ठेवतो. घरी जाताना उन्हात गॉगल लाव, खोलीत पूर्ण अंधार कर, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. सलग सात-आठ तास झोप नाहीच लागली तर सकाळी चार-पाच तास आणि संध्याकाळी पुन्हा दीड तास अशी तोडून घेतलेली चालते. आणि नाइट संपवून स्वतः गाडी चालवत जात असशील तर डोळे मिटतायत असं वाटलं की थांबायचं, वीस मिनिटं झोपून मगच निघायचं, यात तडजोड नाही. रोस्टर हातात नसतो हे मला माहीत आहे. तरी नाइट, लगेच मॉर्निंग, मग पुन्हा नाइट अशी उलटसुलट लागत असेल तर तेवढं एक तरी बदलून मागता येतं, आणि मागावं.

मग ते इंजेक्शन. तू बँड बघितलास आणि थांबलीस. म्हणजे जी शेवटची पायरी चूक अडवायला ठेवलेली असते ती तू गाळली नाहीस, इतक्या थकव्यात सुद्धा. त्याला जवळजवळ झालेली चूक म्हणतात आणि ती लिहून कळवायची असते, कारण दोन सारख्या नावांचे पेशंट शेजारी ठेवलेत का, ट्रे एकत्र भरले जातात का, हे त्यातूनच पुढे येतं. तुमच्याकडे कळवलं की ओरडा खावा लागतो अशी परिस्थिती असेल तर तेही लक्षात ठेव, डिपार्टमेंट निवडताना पुढे उपयोगी पडेल. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये एक शब्दप्रयोग केला होता, दुसरा बळी, म्हणजे चूक झाली की पहिला फटका पेशंटला बसतो आणि दुसरा ज्याच्या हातून झाली त्याला. प्रत्येक इंजेक्शन तीन-तीनदा बघणं, घरी आल्यावरही तेच डोळ्यासमोर येणं हे त्यातलंच आहे, आणि ते मनात ठेवलं की वाढतं, विश्वासातल्या सीनियर सिस्टरला सगळं पहिल्यापासून सांगितलं की उतरतं.

आणि एक अगदी कामाची गोष्ट. सिडनीमध्ये जोहाना वेस्टब्रुक आणि त्यांच्या टीमनं नर्सेस औषध देताना प्रत्यक्ष उभं राहून नोंदी केल्या, त्यांचा २०१० चा अभ्यास आहे, त्यात मध्ये एकदा कुणी अडवलं की औषधाच्या चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढत होत्या आणि जितक्या वेळा अडवलं तितकं ते वाढत जात होतं. म्हणजे औषध भरताना नातेवाईक विचारतो सलाईन कधी संपणार, मागून कुणीतरी म्हणतं सिस्टर फोन, आणि आपण हातातलं सोडून बघतो, तिथे गडबड होते. तेव्हा न रागावता, मान वर न करता, "औषध भरतेय, झालं की येते" एवढंच म्हणायचं, आणि तरीही मध्ये तुटलंच तर त्या पेशंटचं पहिल्यापासून सुरू करायचं. सुरुवातीला लोक म्हणतील हिला भाव चढला, पण थोड्या दिवसांत वॉर्डाला सवय होते.

रात्रीच्या फोनचा थरकाप बहुतेकींना असतो, फक्त कुणी बोलत नाही. त्याच्यावर एसबार नावाची पद्धत आहे, मूळची अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची, तिथून ती हॉस्पिटलांत आली. चार वाक्यांचा मामला आहे, आत्ता काय झालंय, मागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, आणि तुमच्याकडून काय हवंय. फोन उचलायच्या आधी कागदावर चार ओळी लिही. म्हणजे असं, "सर, मेडिसिन वॉर्डमधून बोलतेय, बेड बारामधल्या आजोबांचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ८६ झालंय, श्वास ३२ आहे. न्यूमोनियासाठी काल ॲडमिट झालेत, संध्याकाळी दोन लिटरवर ९४ होतं. ऑक्सिजन वाढवलाय पण मला ते दमत चाललेत असं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघावं." शेवटचं वाक्य नव्या मुली गाळतात, फक्त आकडे सांगून थांबतात आणि मग पलीकडून बरं बघू म्हणून फोन ठेवला जातो. तू येऊन बघा असं म्हण. ते चिडले तर चिडू दे, चिडलेला डॉक्टर परवडतो. वेळ लिहून ठेव, पंधरा-वीस मिनिटांत कुणी आलं नाही आणि पेशंट ढासळत असेल तर त्यांच्या वरच्याला फोन लावायचा.

आता एवढं सगळं केलंस तरी एक गोष्ट तुझ्या हातात नाही, ती म्हणजे पेशंटांची संख्या. लिंडा एकन यांचा २००२ चा अभ्यास नर्सिंगमध्ये सगळ्यांनी वाचावा असा आहे, पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा. एका नर्सकडे एक पेशंट जास्त झाला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती आणि ऑपरेशनच्या पेशंटांमध्ये तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला, २००४ पासून लागू आहे, आयसीयूत एका नर्सला जास्तीत जास्त दोन पेशंट, साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आधी सहा आणि २००५ पासून पाच. तुझ्या वॉर्डात एका शिफ्टला तुझ्याकडे किती असतात ते तू लिहिलं नाहीस, पण पाचच्या कितीतरी वर असतील असा माझा अंदाज आहे, आणि तसं असेल तर यातला निम्मा थकवा हा तुझ्या स्वभावाचा, कुवतीचा प्रश्नच नाहीये. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ज्याला नैतिक ताण म्हटलं तो हाच, योग्य काय ते आपल्याला माहीत असतं पण व्यवस्थेमुळे ते करता येत नाही. बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होणार हे दिसतंय, दोन तासांनी कूस बदलायला हवी, आणि माणसंच नाहीत. हा ताण योगानं, डायरीनं जात नाही. तो एकटीनं सोसूही नये, नोंद करावी, मिळून मागावं.

म्हणून मला तुझ्याकडून एक काम हवंय. पुढचा महिनाभर प्रत्येक ड्युटीनंतर दोन ओळी लिही, आज कशानं जीव गेला आणि आज कुठल्या क्षणी घड्याळ विसरले. बाकी काही लिहू नकोस. महिन्यानं वाचताना जीव घेणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढ, यातल्या वॉर्डाच्या कुठल्या, म्हणजे संख्या, रोस्टर, इन्चार्जचं बोलणं, सामान नसणं, आणि कामाच्या स्वरूपाच्या कुठल्या, म्हणजे मृत्यू, घाई, रडणारे नातेवाईक, मशीन, तेच तेच काम. पहिल्या प्रकारच्या जास्त निघाल्या तर तुला हॉस्पिटल किंवा वॉर्ड बदलायचाय, स्पेशालिटी नाही. दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या तर मात्र खरंच काम बदलायचा विचार कर. ह्या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे चांगल्या चांगल्या मुली चुकीच्या जागी जाऊन बसलेल्या मी पाहिल्यात.

आता तुझ्या मैत्रिणी म्हणतात त्या आयसीयूबद्दल. दोन पेशंट असतात हे खरं, पण त्या दोघांचं सगळंच तुझ्याकडे असतं, व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, दर तासाचं लघवीचं माप, आर्टेरियल लाइन, सक्शन, आणि एका तासात सगळं पालटू शकतं. ज्यांना आकड्यांमधून माणूस वाचता येतो, का असं झालं हे खोदून बघायला आवडतं, नीटनेटकं एकाग्र काम आवडतं, त्या तिथे खुलतात. पण पेशंट बहुतेक वेळा गुंगीत असतो, गप्पा नाहीत. तो शुद्धीवर आला की वॉर्डात जातो आणि पुढे काय झालं ते तुला कळतही नाही. आणि खूप जण जातात. तुला माणसाशी बोलण्यातून बळ मिळत असेल तर आयसीयूत तू हुशार नर्स होशील पण उपाशी राहशील.

बहिणीची ओपीडी. नाइट नाही, घरच्यांना बरं, लहान मूल असेल तर खूपच बरं, आणि हे कारण पुरेसं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आराम वगैरे नाही, रांग, आरडाओरडा, एका पेशंटला दोन मिनिटं. आणि हातातली कौशल्यं हळूहळू बोथट होतात, काही वर्षांनी परत वॉर्डात यायची भीती वाटते. तुझ्या वयाला मी लगेच ओपीडी घे म्हणणार नाही.

कॅज्युअल्टी आवडणाऱ्या मुली वेगळ्याच असतात, त्यांना पुढच्या मिनिटाला काय येईल हे माहीत नसणंच आवडतं, तुझ्या पत्रावरून तू त्यातली वाटत नाहीस. ओटीमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नातेवाईक नाहीत, पेशंट एका वेळी एक, सगळं क्रमानं, पण तासन्‌तास उभं राहणं आणि सर्जनचा स्वभाव सांभाळणं आलं. डायलिसिस मला स्वतःला फार आवडतं, कारण तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा वर्षानुवर्षं येतात, घरचंच माणूस होतात, काम ठरलेलं असतं, आणि त्यातला कुणी गेला की मात्र घरातलंच कुणी गेल्यासारखं होतं. लेबर रूममध्ये आनंद खूप, पण बिघडतं तेव्हा दोन जिवांचं आणि क्षणात बिघडतं. मानसोपचारात हात कमी आणि कान जास्त लागतात, धीर लागतो, आणि स्वतः खचलेलं असताना तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इन्फेक्शन कंट्रोल, कम्युनिटी, शिकवणं ही सगळी चांगली कामं आहेत, आणखी थोडा वॉर्डाचा अनुभव गाठीशी असला की ती जास्त चांगली करता येतात.

आणि ज्याला सगळ्या हसतात ते. म्हाताऱ्या पेशंटांबरोबरचं काम. पत्रभर तू एवढ्या एकाच वाक्यात आवडतं हा शब्द वापरलायस. हसणाऱ्यांना वाटतं की त्यात काय, भरवायचं, पुसायचं, गप्पा मारायच्या. खरं सांगू का, नर्सिंगमधलं हे सगळ्यात अवघड वाचन आहे. तरुण माणसाला न्यूमोनिया झाला की ताप येतो, खोकला येतो, म्हाताऱ्या माणसाला कधीकधी ताप येतच नाही, फक्त आज ते जरा गप्प आहेत, जेवण तसंच ठेवलंय, बाथरूमला जाताना पडले, एवढंच दिसतं. डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ, म्हटलं की लोकांना ओरडणारा, नळ्या ओढणारा पेशंट आठवतो, पण शांत डिलिरियम असतो त्यात माणूस नुसता पडून असतो आणि राउंडला आलेल्याला वाटतं झोपलेत. काल हे मला नावानं हाक मारत होते आणि आज ओळखत नाहीत, हे फक्त त्यांच्याशी बोलणाऱ्या नर्सला कळतं. दहा-दहा गोळ्या चालू असतात, त्यातली कुठली गोळी चक्कर आणतेय, कुठलीनं लघवी अडलीय, गिळताना ठसका लागतोय का, टाचेवर लाली आलीय का, चष्मा आणि कानाचं मशीन दिलंय का की आपण उगाचच गोंधळलेत म्हणतोय. जगात सगळीकडे म्हाताऱ्यांची संख्या वाढतेय आणि हे वाचता येणाऱ्या नर्सेस कमी आहेत. ज्याला तू नुसतं आवडतं म्हणतेस त्यात पुढे शिकायला आयुष्य पुरणार नाही.

ह्याच्या शेजारचं काम म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा, तेही बघून ठेव. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं, मग हॉस्पिटलात समाजसेवेचं काम केलं, मरणाऱ्या पेशंटांच्या वेदनांकडे कुणी बघत नाही हे बघून चाळिशीजवळ डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटांची काळजी घेणारं ठिकाण, उभं केलं. आज वेदना वेळेवर औषध देऊन आधीच रोखायची असते हे आपण गृहीत धरतो, ते रुजवण्यात त्यांचा फार मोठा वाटा आहे. आता काही होऊ शकत नाही असं बाकीच्यांनी म्हटलेल्या माणसांसाठी करण्यासारखं किती आहे, हे बघणाऱ्या नर्सलाच हे काम जमतं. तिथे मृत्यू रोजचा असतो, पण घाईचा नसतो, आणि कित्येकींना हा ताण धावपळीच्या वॉर्डापेक्षा हलका जातो. तुला जाईल का ते तुझ्या वहीतून कळेल.

मन वळलं तरी लगेच अर्ज करू नकोस. ज्या डिपार्टमेंटला जायचंय तिथे परवानगी काढून एक-दोन शिफ्ट नुसती बरोबर राहा, त्यातली एक नाइट असू दे. तिथल्या इन्चार्जला विचारून चित्र कळत नाही, तिथे नवीन लागलेल्या मुलीला विचार. नवीन आलेल्याला किती आठवडे कुणाबरोबर ठेवतात, की तिसऱ्या दिवशी एकटीला सोडतात? मागच्या वेळी कुणाची चूक झाली तेव्हा काय झालं, शिकवलं की सगळ्यांसमोर झापलं? वर्षात किती जणी सोडून गेल्या? जेवायला बसायला मिळतं का? यातली उत्तरं वाईट असतील तर डिपार्टमेंट कितीही आवडीचं असो, जाऊ नकोस, चांगल्या सीनियर असलेला नावडता वॉर्ड त्यापेक्षा बरा.

राजीनाम्याबद्दल. तुला मारहाण होते किंवा धमकी येते आणि वरचं कुणी पाठीशी उभं राहत नाही, खोट्या नोंदींवर सही करायला लावतात, न शिकवलेलं मशीन एकटीवर टाकतात, किंवा तब्येत खरंच कोसळलीय, यातलं काही असेल तर दुसरी नोकरी हातात असण्याची वाट बघू नकोस, नोटीस दे आणि बाहेर पड, नर्सला काम मिळतं. यातलं काही नसेल तर नाइट संपवून घरी आल्यावर राजीनामा लिहायचा नाही, एवढा एक नियम पाळ. आधी साठलेली रजा माग, सलग आठवडाभर तरी. मग परत येऊन इन्चार्ज सिस्टरांना शांत वेळी भेट, राउंडच्या आधी नाही. मला ताण येतो असं मोघम बोललीस तर त्या म्हणतील सगळ्यांनाच येतो. त्यापेक्षा लिहूनच ने, की मॅडम, गेल्या महिन्यात इतक्या नाइट लागल्या, इतक्या वेळा नाइटनंतर लगेच ड्युटी होती, एका शिफ्टला सरासरी इतके पेशंट होते, एकदा चूक होता होता वाचली, पुढच्या रोस्टरला सलग तीनपेक्षा जास्त नाइट देऊ नका आणि तीन महिन्यांनी म्हाताऱ्या पेशंटांकडे किंवा पॅलिएटिव्हला बदलीसाठी माझं नाव धरा. एक प्रत तुझ्याकडे ठेव, तारीख टाकून. त्या काय म्हणतात ते मला कळव, आणि नाही म्हणाल्या तर मेट्रनकडे, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखाकडे, कसं जायचं ते आपण पुढच्या पत्रात बघू.